बाजाराचं स्मरणचित्र

चित्र चांगलं होतं. यज्ञेश्वर सरांना ते पहिल्या नजरेतच कळलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा आठ दिवसांवर आली होती. स्मरणचित्राचा सराव चालला होता, विषय आठवडी बाजार. अकरा पोरांनी सर सांगत आले होते तसंच काढलं होतं: टोपलीवाली बाई, छत्रीवाला, फुगेवाला, आणि कोपरा रिकामा राहू नये म्हणून नारळाचं झाड. आता दारव्ह्याच्या बाजारात नारळाचं झाड कोणाच्या बापानं पाहिलं होतं? पण सरांच्या नमुन्याच्या तक्त्यावर होतं ना, मग संपलं. तक्ता पाठ करायचा, परीक्षेत उतरवायचा, दहावीला वाढीव गुण घ्यायचे. बारा वर्षांत सरांचं एक पोर नापास झालं नव्हतं.

बारावा कागद दीपाचा. त्यावर नुसते पाय होते. भेगा पडलेले, चिखलानं भरलेले, बुटातले, पैंजणातले, कागदभर पाय. मधोमध वांग्यांचा ढीग आणि त्यावर आडवा धरलेला एका बाईचा हात.

"माणसं कुठं गेली गं?" सरांनी विचारलं.

"खाली बसलं का पायच दिसते ना, सर."

वर्ग खिदळला. दीपाची आई इंदूबाई बाजारात भाजी घेऊन बसायची, आणि शाळा नसली की दीपा तिच्या बाजूला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरही हसणार होते, तेवढ्यात त्यांना एक सँडल दिसली.

ढिगाला लागून होती. सँडलचं टोक एका वांग्याला टेकलेलं, वांगं उलटं पडलेलं. तुटलेल्या बकलाच्या जागी तांब्याची तार. पोरीनं तारेचे तीन वेढेसुद्धा मोजून काढले होते.

सरांनी आपले पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतले. मागच्या बाजारात त्यांनी पायानंच वांगं उलटवून भाव विचारला होता. वाकायचा कंटाळा, दुसरं काय! विकणारीच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. आणि ही कार्टी तिथं मांडी घालून सगळं बघत बसली होती. त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा राग जास्त आला.

"खोड."

"सर?"

"सगळं खोड. परीक्षक हे पाय बघून गुण देणार आहेत का तुला? का तुलाही तिथंच बसायचंय जन्मभर, मायसारखं?"

आता कोणी हसलं नाही. दीपानं खोडरबर घेतलं आणि कडेच्या पायांपासून सुरुवात केली. सरांनी पेन्सिलीचं टोक सँडलवर ठेवलं.

"हे आधी."

दीपानं तारेकडे पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं. मान खाली घालून खोडत राहिली. कागदाची साल निघाली तरी तारेचे वेढे काही जाईनात. पोरीनं पेन्सिल दाबूनच चालवली होती.

"सर, तार नाही जात."

"तिथं नारळाचं झाड काढ. रंग दिला की दिसणार नाही."

तिनं काढलं. टोपलीवाली काढली, छत्रीवाला काढला, फुगेवाला काढला. अर्ध्या तासात तक्ता जसाच्या तसा कागदावर. "शाब्बास! ए ग्रेड कुठं जात नाही," असं म्हणत सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

चार वाजता पालकसभा होती. व्हरांड्यात सतरंजीवर पालक, समोर माइकपाशी सर, हातात भाषणाचा कागद: कुमारवयातील मुलांना कलाशिक्षणाचे फायदे. इंदूबाई बोरी अरब गावाहून जीपमध्ये अंग चोरून आली होती आणि अगदी पुढं, लेकीला खेटून बसली होती.

"पहिला फायदा असा, की मूल पाहायला शिकतं," सर म्हणाले. "आपल्या मोठ्यांच्या नजरेतून जे सुटतं, ते त्याला दिसतं."

टाळ्या पडल्या. सरांनी खुशीत समोर पाहिलं. इंदूबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे पाहतच नव्हती, तिची नजर खाली त्यांच्या पायांवर होती.

"काय वं दीपा," ती हळू आवाजात म्हणाली. पण पहिल्या रांगेतला हळू आवाज तो, सरांना शब्दन् शब्द ऐकू आला. "वांग्याले पाय लावून भाव इचारलता, थे हेच सर व्हय ना?"

सरांना कागदावरची पुढची ओळ काही केल्या सापडेना.

दीपानं खाली पाहिलंसुद्धा नाही. ती सरांच्या तोंडाकडे पाहत होती, तक्त्याकडे पाहावं तशी.

"मले नाही आठवत," ती म्हणाली.