पैऱ्याचा बैल

शिरोळच्या उसात, मोटारीच्या खोपीत संयोगितानं डबा बसवला आणि वडलांना समजावलं, "आबा, ह्यो बारका कॉम्प्युटर आपल्या पाण्याचं गणित करतोय. रिकामा असला की दुसऱ्याच्या शेताचं बी करतोय. वर मालक कोण न्हाय, डबं आपापसातच ठरवत्यात. कुणी कुणाचं काम उरकलं, ते कुणालाच कळत न्हाय."

"म्हंजे पैराच की! तुझ्या रानात माझा बैल, माझ्या रानात तुझा."

आबांनी फारच सोपं करून टाकलं, असं तिला वाटलं. "पैऱ्यात कुणाचा बैल ते कळतंय, आबा."

आबांची नजर बांधापलीकडं गेली. "ऐन पेरणीत माझा एक बैल मेला. तवा रोज सकाळी कोणतरी दावणीला बैल बांधून जायचं. सांजच्याला मी त्याला सोडायचो आणि पाठ फिरवून उभा ऱ्हायचो. कुणाच्या दारात जातोय, ते बघायचं न्हाय."

"पर बैल तर वळखू आला असंल की?"

"न यायला काय झालं? त्याला पहिली वेसण मीच घातल्याली. वाटणीत थोरल्या दादाकडं गेलता. तवापासनं दादा माझ्याशी बोलत न्हवता."