कळलावीचं खत

शर्वाणीने यंत्राची सुई कळलावीच्या मुळाशी खुपसली. वेल कशावर पोसलीय, हे यंत्र तिथल्या तिथे सांगायचं. पडदा पाहून नोंद करणाऱ्या इक्बालभाईंनी तोंड वाकडं केलं.

"हाडांचं खत! कुणीतरी हौसेने घातलंय. मॅडम, ही बागेतली झाली. रानटीत धरता येणार नाही."

गावामागच्या या टेकडीवर दुसरी कळलावी सापडली नव्हती. या दुर्मिळ वेलीची एक तरी रानटी म्हणून नोंदली गेली, तरच टेकडी सपाट होण्यापासून वाचणार होती.

"खत नाही ते," शर्वाणी म्हणाली. "माझ्या वडिलांची, आप्पांची राख आहे. गेल्या उन्हाळ्यात मीच इथे सोडली. जन्मभर याच उतारावर झाडं मोजत फिरले ते. पण वेल मी लावली नाही. ती आपली आपणच उगवली."

इक्बालभाईंनी टोपी काढून हातात घेतली. "तरी नियम आहे ना. माणसाने पोसलेलं ते रानटी नाही."

"आणि मेलेल्या रानडुकराच्या हाडांवर वाढलेलं?"

"ते रानटीच."

"मग तसंच धरा. आप्पा चिखलाचे पाय घेऊन घरात शिरले, की आई त्यांना रानडुक्करच म्हणायची."

इक्बालभाईंनी पडद्यावरच्या 'रानटी'वर बोट टेकवलं.