मनीचे घारे डोळे

"बाबा, माझे डोळे कोणावर गेलेत?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, घरी हे विचारून दाखव. मनीने पहिल्याच घासाला विचारून टाकलं. मनी हे नावही मैत्रिणींनीच ठेवलेलं, तिच्या घाऱ्या, मांजरीसारख्या डोळ्यांवरून. तिला ते आवडायचं. आईला मुळीच नाही.

आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. बाबा ताटात बघत राहिले.

"गप जेव," आई म्हणाली. "आणि उद्या वर्गाचा फोटो आहे. त्या तपकिरी लेन्स घालून जायचं."

"झोंबतात गं त्या. घळाघळा पाणी येतं."

"येऊ दे. मागचा फोटो बघून खालच्या काकूंनी अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं, आईबाप दोघं काळ्या डोळ्यांचे, मग ही कोणाची? वर हसल्या. दरवेळी हसतात."

मनीचे कान तापले. पैज कुठल्या कुठे गेली. म्हणजे आई जिना उतरताना मान खाली घालते, ती पायऱ्या बघायला नव्हे.

"आणि बाबा, तुम्ही गप्प बसता?"

बाबा उठले. न्हाणीघराचं दार लागलं. हे रोजचंच. पहाटे सगळ्यांच्या आधी आणि रात्री सगळ्यांच्या नंतर ते तिथे दार लावून असत. बाबांचा मेकअप चाललाय, असं म्हणून मनी खिदळायची.

ते बाहेर आले. तळहातावर दोन इवल्याशा तपकिरी चकत्या. डोळे लाल झालेले, आणि घारे. थेट मनीचे.

"सराफाच्या दुकानात लागलो तेव्हा मालक म्हणाले, घाऱ्या माणसाच्या हातून गिऱ्हाईक सोनं घेत नाही. तेव्हापासून घालतोय. नोकरीचा प्रश्न होता, बाळा."

"आणि आईचा?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई खरकटं गोळा करू लागली. तिला सगळं ठाऊक होतं. बाबांच्या नोकरीपायी तिने काकूंचं हसणंही गिळलं होतं.

मनीने स्वतःच्या लेन्सची डबी केराच्या डब्यात भिरकावली. मग बाबांच्या तळहातावरच्या चकत्या उचलल्या आणि त्याही टाकल्या.

"उद्या मी फोटोला अशीच जाणार," ती म्हणाली. "आणि जाताना आपण तिघं काकूंची बेल वाजवणार. आई, तू काही बोलायचं नाहीस. बाबा, तुम्हीही नाही. तुम्ही फक्त त्यांच्याकडे बघायचं."