दुधातला जीव

किडनी बदललेल्या बायकोला, केसरबाईला, ताकद यावी म्हणून गुलाबराव रोज सकाळी गाईचं धारोष्ण दूध पाजत. तापवलं की दुधातला जीव जातो, असं उंद्री गावात सगळेच मानत. मग केसरबाईच्या छातीत पाणी झालं, दोन शब्दांतच धाप लागू लागली. दवाखान्यात काढलेल्या त्या पाण्यातून वाढवलेले जंतू डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. इवल्याशा काड्या कोलांट्या मारत होत्या. “कच्च्या दुधातून आले, काका. फार क्वचित घडतं. पण नवी किडनी टिकवायच्या गोळ्यांनी काकूंची प्रतिकारशक्तीच दाबलीय.” गुलाबरावांचा डोळा सूक्ष्मदर्शकावरून हटेना. खरंच दुधात जीव होता! औषध लागू पडलं, केसरबाई घरी आली. उकळत्या दुधाकडे गुलाबराव टक लावून पाहत असतानाच ते उतू गेलं. “अवो, डोये हायेत का भोकं? सारं दूध सांडून राह्यलं!” केसरबाई एका दमात कडाडली. गुलाबराव तो दम ऐकतच राहिले.