समोरचं दार

पूनम सागरमधल्या त्या मजल्यावर दिवसा लाकडी दार कुणी लावत नाही. जाळीचं तेवढं ओढलेलं असतं. म्हणून समोरच्या रामनाथकाकांचं दार गच्च लावलेलं दिसलं, आणि आपली कृतिका आत खेळायला गेलीय हे आठवलं, तशी मृणालिनीने कणकेच्या हातानेच बेल दाबली.

दार उघडायला जरा वेळ लागला. आत पडदे ओढलेले. जुन्या डबा टीव्हीवर गल्ल्याच गल्ल्या, त्यात एक उंदीर पळतोय, मागे चार मांजरं. टीव्हीला जोडलेला काकांचा तरुणपणातला कॉम्प्युटर. त्याची जॉयस्टिक घट्ट धरून कृतिका लादीवर बसलेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"दार का लावलंत, काका?"

"पॅसेजचा उजेड काचेवर येतो गं. उंदीरच दिसत नाही मग. बस ना, चहा टाकतो."

"नको. हिचा अभ्यास राहिलाय."

घरी आल्या आल्या तिने कृतिकाला समोर बसवलं.

"काय काय बोलतात काका?"

"बोलले, एक कोपरा आहे. तिथे लपलं की कुणाला सापडत नाही."

"कुठे आहे कोपरा?"

"गेममध्ये. काय गं तू पण."

"हात लावतात?"

"जॉयस्टिकला. मी चुकले की."

उत्तरं पटापट आली. जरा जास्तच पटापट, असं मृणालिनीला वाटलं.

"उद्यापासून दार उघडं ठेवायचं. सांग त्यांना, आई बोलली."

दुसऱ्या दिवशी कृतिका खेळायला गेली आणि पाठोपाठ मृणालिनी बाहेर डोकावली. समोरचं लाकडी दार सताड उघडं होतं. टीव्ही उंबऱ्यापर्यंत ओढून आणलेला. जाळीच्या दाराला मात्र आतून कुलूप. जॉयस्टिकची वायर जाळीतून बाहेर काढलेली, आणि कृतिका पॅसेजमध्ये मांडी घालून उंदीर पळवत होती. काका पार आतल्या भिंतीशी, खुर्चीत. हात मांडीवर.

"काका, हे काय? उघडा ना. आत बसू दे तिला."

"असू द्या. इथून तुम्हालाही दिसतं."

मृणालिनीला लाज वाटली. पण त्याआधीच तिची नजर जाळीच्या भोकांवरून फिरून आली होती, यातून माणसाचा हात बाहेर येईल का ते बघत.