चारवर अडकलेला पंखा

मिस्त्री गाडीत उलटे पडले होते. पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली, तोंडात टॉर्च. स्पोर्ट्स कार दिसायला मोठी झोकदार, पण तिच्या पोटात शिरायचं तर माणसाला हाडं नसलेली बरी. मिस्त्रींना हाडं होती आणि ती सगळी दुखत होती.

"सापडलं का काही?" बाईंनी विचारलं. साहेब गाडी सोडून कामाला गेले होते. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मात्र सकाळपासून गॅरेजातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या.

"थांबा, आधी फ्यूज काढू द्या." मिस्त्रींनी हीटरच्या पंख्याचा फ्यूज उपटला आणि नेहमीप्रमाणे शर्टाच्या खिशात चष्म्याशेजारी टाकला.

दुखणं जुनंच होतं. पंख्याला चार वेग. ते कमी-जास्त करणारा रेझिस्टर कामातून गेला की खालचे तीन वेग संपतात. मग पंखा एकतर बंद, नाहीतर चारवर. या गाडीत चारवरचा पंखा म्हणजे पिठाची गिरणी. थंडीचे दिवस, काचेवर धुकं धरायचं, म्हणून वारा काचेकडे वळवून तो चालू ठेवावाच लागे.

मागच्या महिन्यात रेझिस्टर खरोखर जळला होता आणि मिस्त्रींनी नवा बसवला होता. आज तो बाहेर काढून पाहिला, तर ठणठणीत. त्याच्याकडे जाणाऱ्या तीन वायरी मात्र तुटल्या होत्या. टोकं अगदी सरळ. चारवरची तेवढी शाबूत होती.

"उंदीर," मिस्त्री म्हणाले. उगीच कुणाच्या घरात काडी कशाला टाका.

बाईंनी वाकून वायरी पाहिल्या. "उंदराकडे पक्कड असते का हो?"

मिस्त्री टॉर्चची काच पुसू लागले.

"घरात सासूबाई, मुलगा, सून, नातवंडं," बाई सांगू लागल्या. "दोघांनी बसावं अशी ही एकच जागा. दोन सीटची गाडी घेतली तेव्हा सगळे हसले होते आम्हाला. आता हिच्यात बसलं की हे पंखा लावतात. मी तोंड उघडलं की म्हणतात, या आवाजात काही ऐकू येत नाही, घरी बोलू. आणि घरी? ओट्यापाशी उभी राहून चार हाका मारल्या तरी हे पेपरात डोकं घालून ढिम्म. रात्री दिवा मालवल्यावर काही विचारावं, तर हूं नाही की चूं नाही. भिंतीशी संसार केल्यासारखं झालंय."

"या वयात पुरुष होतात असे," मिस्त्री म्हणाले. स्वतःच्या बायकोशी आपण शेवटचं धड कधी बोललो हे त्यांना आठवेना, त्यामुळे बोलण्यात फारसा जोर नव्हता.

"बहीण म्हणते, माझ्याकडे ये राहायला." बाईंनी पायाशी ठेवलेल्या बॅगेला हात लावला. "आज गाडीत एकदाच विचारणार आहे, जाऊ की राहू. उत्तर दिलं तर घरी जाईन. नाही दिलं तर इथूनच रिक्षा करीन. भांडायचं त्राण नाही उरलं हो. तेवढा पंखा नीट करा. त्यांना आवाजाची सबब नको."

मिस्त्री परत उलटे झाले. इतकी वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, पण तीन वायरींवर कुणाचा संसार लोंबकळताना त्यांनी पाहिला नव्हता. एकेक वायर सोलायची, जोडायची, टेप गुंडाळायची. मान आखडली, बोटं बधिर झाली. काम उरकून त्यांनी साहेबांना फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. मेसेज टाकला तर लगेच उत्तर आलं, निघतोच.

साहेब टापटिपीचे. बोलताना अगदी समोर येऊन तोंडाकडे टक लावून बघायचे, जणू समोरचा थापाच मारतोय. मिस्त्रींना ते कधीच आवडले नव्हते.

"उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या," मिस्त्री त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाले. "सरळ रेषेत."

साहेबांचा चेहरा पडला. "उंदीर फार झालेत," एवढंच बोलून ते गाडीत बसले. बाई बॅग घेऊन शेजारी बसल्या.

शेजारच्या वर्कशॉपातली मशिनं बंद झाली होती. मिस्त्री थकून खुर्चीवर टेकले. ऐकायचं नव्हतं, पण गाडीची काच खाली होती.

साहेबांनी किल्ली अर्धीच फिरवली तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, गाडी सुरू करू नका. मला विचारायचंय. मी बहिणीकडे जाऊ की राहू?"

समोर बघतच साहेबांनी पंख्याचं बटण फिरवलं. एक, दोन, तीन, चार.

"बघ ना, अजून किती आवाज करतोय हा," ते म्हणाले. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही. घरी बोलू."

बाईंनी दार उघडलं. एक पाय बाहेर ठेवला आणि तशाच थांबल्या.

मिस्त्रींनी चष्म्यासाठी खिशात हात घातला. बोटांना पंख्याचा फ्यूज लागला. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता, गॅरेजात तेवढाच काय तो आवाज.

बाईंनी पाय आत घेतला. साहेबांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"नको ना जाऊस," साहेब म्हणाले.