सीलबंद रसिक

माणच्या आमच्या सोसायटीत माझ्या वरच्या मजल्यावरचे नवनाथ नावाचे महाशय जुन्या तबकड्या जमवतात. सत्यनारायणाला बोलावून त्यांनी मला एक तबकडी दाखवली, प्लास्टिकच्या सीलसकट. कव्हरवर झिपऱ्या केसांची तीन पोरं.

"हा अल्बम पडला, कारण लोकांना अक्कल नव्हती, काका!"

"मग लावा ना," मी म्हटलं.

"सील फोडलं की भाव उतरतो. तुम्हाला नाही कळायचं."

रविवारी दापोडीहून माझे दोन जुने दोस्त आले, म्हणून गिटार काढली. लगेच महाशयांचा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "काका, हा भिकार गोंगाट बंद करा."

 

वाजत होतं ते त्याच तबकडीतलं पहिलं गाणं, आणि वाजवणारे आम्ही तिघं टकले म्हणजे कव्हरवरची तीच पोरं.